मदत हवी आहे: जुळे सोलापूर ते पार्क चौक, प्रवास तोच असताना अ‍ॅपवरच्या रिक्षाचे भाडे दर वेळी वेगळे का?

नमस्कार.

वडिलांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना आठवड्यातून तीन वेळा फिजिओथेरपीसाठी जुळे सोलापूरहून पार्क चौकाजवळच्या एका दवाखान्यात न्यावे लागते. ते वॉकर घेऊन चालतात, त्यामुळे दुचाकीचा प्रश्नच येत नाही, आणि शेअर रिक्षात चौघांच्या मध्ये पाय दुमडून बसणे त्यांना शक्य नाही. म्हणून गेल्या दीड महिन्यापासून मी अ‍ॅपवरून रिक्षा बोलावतो. मी एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहतो आणि प्रत्येक खर्च वहीत लिहिण्याची खोड मला जुनीच आहे. त्या वहीतल्या आकड्यांनीच हा धागा काढायला लावला.

आमच्या घराकडून पार्क चौकाकडे जायला मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिली आसरा पुलावरून आसरा चौक, महावीर चौक आणि सात रस्ता अशी जाते. दुसरी विजापूर रोडला लागून विजापूर नाका, पत्रकार भवन चौक अशी फिरून येते. पुढे रंगभवन आणि डफरीन चौक दोन्हींना समान. पहिली वाट जवळची आहे, पण सकाळी साडेनऊनंतर आसरा पुलावर वाहने अडकली की ‘जवळची’ हा शब्द उच्चारू नये असे वाटते.

वहीतल्या तीन नोंदी नमुन्यादाखल देतो. एका मंगळवारी अ‍ॅपने ११८ रुपये दाखवले. रिक्षा आसरा पुलावरून गेली, सत्तावीस मिनिटे लागली आणि शेवटी ११८ रुपयेच द्यावे लागले. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी अ‍ॅपने १२१ रुपये दाखवले, पण पूल तुंबला आहे असे सांगून चालकाने विजापूर रोडने नेले आणि उतरताना रक्कम १३९ झाली. शनिवारी तर रिक्षा येण्यापूर्वीच अ‍ॅपवर १३४ रुपये होते. वाट आसरा पुलाची, वेळ तीच, रहदारी नेहमीपेक्षा कमी, आणि मागणी वाढल्याने भाडे वाढल्याची सूचनाही कुठे नव्हती.

पहिली शंका अशी की, सुरुवातीला दाखवलेली रक्कम बांधील असते की रिक्षा प्रत्यक्ष जितकी धावली त्यावरून बिल नव्याने काढले जाते? मंगळवारी जाममध्ये थांबूनही एक रुपया वाढला नाही आणि गुरुवारी मोकळ्या रस्त्याने जाऊन अठरा रुपये वाढले, याची संगती मला लागत नाही. दुसरी शंका वाट निवडण्याच्या अधिकाराची आहे. मी चालकाला आग्रहाने पुलावरूनच न्या असे सांगितले तर भाडे कमी होईल का, की तसे सांगण्याला काहीच अर्थ नाही? आणि शनिवारच्या १३४ रुपयांचे कोडे ज्यांना उलगडेल त्यांनी ते कृपया सविस्तर लिहावे. रक्कम लहान आहे, पण महिन्याला चोवीस-पंचवीस फेऱ्या होतात.

प्रतिसाद १

नमस्कार. मी काही वर्षे पुण्यात आणि आता सोलापुरात या सेवा नियमित वापरतो, म्हणून समजले आहे तेवढे मांडतो.

भाड्याचे गणित सामान्यतः तीन तुकड्यांचे असते: एक ठरावीक रक्कम, किलोमीटरचा दर आणि मिनिटाचा दर. समजा ठरावीक रक्कम ३० रुपये, किलोमीटरला १२ आणि मिनिटाला १ रुपया आहे. सहा किलोमीटरची वाट अठरा मिनिटांत सरली तर १२० रुपये होतात. तीच वाट तुंबून तीस मिनिटे लागली तर १३२, आणि सात किलोमीटरची मोकळी वाट वीस मिनिटांत पार केली तर १३४. म्हणजे जवळची तुंबलेली आणि लांबची मोकळी यांत दोनच रुपयांचा फरक उरतो. उलट मागणी वाढून १२० रुपयांचे भाडे दीडपट झाले की थेट १८० होतात. तेव्हा वाटेवरून चालकाशी वाद घालण्यापेक्षा दहा मिनिटे थांबून पुन्हा दर पाहणे अधिक फायद्याचे ठरते. अशा अ‍ॅपसेवांसाठीच्या केंद्र सरकारच्या जुलै २०२५च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाढीव भाडे मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत चालते. २०२०च्या तत्त्वांत ही मर्यादा दीडपट होती.

आता आधी दाखवलेल्या रकमेविषयी. ती काढताना अ‍ॅप अंदाजे वाट आणि अंदाजे वेळ धरते, आणि त्या चौकटीत प्रवास झाला तर थोड्याफार उशिराने ती बदलत नाही. तुमच्या मंगळवारचा उलगडा हाच आहे. मात्र वाट बरीच बदलली, मध्ये थांबा वाढला किंवा उतरण्याची जागा पुढे सरकली, तर रक्कम पुन्हा काढली जाते. अ‍ॅपने दाखवलेली वाट सोडल्यास तशी सूचना कंपनीच्या नियंत्रण कक्षाकडे जावी, असेही त्याच तत्त्वांत म्हटले आहे. गुरुवारच्या पावतीत प्रवासाचा नकाशा असेल, त्यावरची रेघ नीट पाहा.

शनिवारविषयी माझा तर्क दुभाजकाचा आहे. दवाखाना तुमच्या जाण्याच्या दिशेला उजव्या हाताला असेल आणि रस्त्यात दुभाजक असेल, तर अ‍ॅप पुढच्या चौकापर्यंत जाऊन वळून परत येण्याचे अंतर धरते. पिन, म्हणजे नकाशावरची उतरण्याच्या जागेची खूण, समोरच्या बाजूला पडली की तेवढे अंतर गळते.

प्रतिसाद २

मी स्वतः अ‍ॅपवर रिक्षा चालवतो, त्यामुळे आमची बाजूही लिहितो. प्रवाशाला वाटते की चालक मुद्दाम फिरवून नेतो. आधी ठरलेल्या रकमेत फिरवून नेण्यात आमचेच नुकसान आहे, कारण जास्तीचा गॅस आमचा आणि वेळही आमचा जातो. पूल तुंबला की आम्ही विजापूर रोड धरतो, तो पुढची सवारी हातची जाऊ नये म्हणून.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. काही कंपन्यांनी २०२५पासून रिक्षांसाठी कमिशन बंद करून चालकाकडून ठरावीक शुल्क घेण्याची पद्धत आणली आहे. तिथे अ‍ॅपवरची रक्कम ही सुचवलेली रक्कम असते आणि पैसे थेट चालकाला मिळतात. अशा अ‍ॅपवर वाट बदलायची असेल तर बसण्यापूर्वीच दोघांनी बोलून घ्यावे, कारण उतरताना झालेल्या वादात कंपनी सहसा पडत नाही. तुमचे अ‍ॅप कोणत्या पद्धतीचे आहे ते आधी तपासा. आणि दवाखाना उजव्या बाजूला असेल तर तसे चढतानाच सांगत जा. दारासमोर आल्यावर ‘जरा पुढून वळवून घ्या’ म्हणणारे प्रवासी आम्हाला रोज भेटतात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सगळ्या पावत्या उघडून बसलो आणि प्रतिसाद २ मधले शेवटचे वाक्य वाचताना थोडा ओशाळलो.

दवाखाना खरोखरच उजव्या हाताला आहे आणि मध्ये दुभाजक आहे. शनिवारी मी दवाखान्याचे नाव टाइप केले होते, त्यामुळे पिन त्याच्या दारात पडली आणि वळण धरून १३४ रुपये झाले. मंगळवारी आणि गुरुवारी मी जुन्या शोधांतून समोरच्या औषधाच्या दुकानाचे नाव निवडले होते, कारण ते यादीत वर येते. मंगळवारी माझा धाकटा भाऊ सोबत होता. आम्ही दोघांनी वडिलांना धरून रस्ता ओलांडला होता. गुरुवारी मी एकटाच होतो. पावतीवरच्या नकाशात निळी रेघ विजापूर रोडने येते, औषधाच्या दुकानावरून पुढे जाते, चौकात वळते आणि दवाखान्याच्या पायऱ्यांशी थांबते. वळवून घ्या असे चालकाला मीच सांगितले होते आणि वहीत ‘चालकाने फिरवले’ असे लिहून ठेवले होते. ती नोंद आता खोडली आहे.

याच आठवड्यात दोनदा तपासून पाहिले. एकाच मिनिटात, एकाच ठिकाणाहून, पिन दुकानावर ठेवली तर ११९ आणि दवाखान्यावर ठेवली तर १३४. परतीला दवाखान्याची बाजूच घराच्या दिशेची असल्याने हा प्रश्न येत नाही. वहीतल्या परतीच्या फेऱ्या जवळपास एकसारख्या का, हे मला तोवर सुचलेच नव्हते. पंधरा रुपये वाचवण्यासाठी वॉकर घेतलेल्या माणसाला भर रहदारीत दुभाजक ओलांडायला लावणे मला पटत नाही, त्यामुळे पिन पायऱ्यांसमोरच ठेवतो आणि १३४ रुपये देतो.

एक शेवटची विचारणा आहे. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे आणि होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेमुळे या भागातले रस्ते बंद असतात किंवा वळवलेले असतात. त्या दिवसांत रिक्षा डफरीन चौकापर्यंत तरी सोडतात का, आणि अ‍ॅप बंद रस्ता ओळखून आधीच लांबची वाट धरते की भाडे शेवटी वाढवते, हे रिक्षाचालक बंधूंनी किंवा त्या परिसरात राहणाऱ्यांनी सांगितल्यास फिजिओथेरपीच्या वेळा आत्ताच बदलून घेता येतील.