शब्दचर्चा: 'पार्श्वसंगीत' कुठं चालतं आणि कुठं अडतं?

टिळकवाडी: बेळगावात 'कोयानिस्कात्सी' (१९८२) दाखवायचा आहे. पत्रक मराठी आणि कन्नड, दोन्हींत निघणार. मराठी मसुद्यात 'लयबद्ध संकलन, फिलिप ग्लास यांचे पार्श्वसंगीत' असं लिहिलंय. सिनेमात निवेदन नाही, संवाद नाहीत. ८६ मिनिटं चित्र आणि संगीत एवढंच. मग हे संगीत कशाच्या पार्श्वभूमीला? नेमका शब्द सुचवा. 'संगीतपट' चालेल का?

निपाणी: 'संगीतपट' नको. संगीत नाटकावर पोसलेला आपला प्रेक्षक त्या शब्दावरून गाण्यांची अपेक्षा धरून येणार, आणि पडद्यावर दिसणार वाळवंट, ढग, गाड्यांच्या रांगा. 'नादपट', 'दृश्यसंगीत' कानाला बरे लागतात, पण वाचणाऱ्याला त्यांतून काहीच कळत नाही. पत्रक म्हणजे शब्द घडवायची जागा नव्हे.

खानापूर: 'पार्श्व' म्हणजे मुळात कूस, बाजू. 'पार्श्वभूमी'मुळं मराठीत त्याला 'मागचा' हा अर्थ चिकटला. कन्नडात सरळ 'हिन्नेले संगीत' म्हणतात, म्हणजे तिकडच्या मजकुरातही हीच अडचण येणार.

पण यक्षगान या कर्नाटकातल्या लोकनाट्यातला 'हिम्मेळ' बघा की. गाणारे-वाजवणारे मागं, म्हणून ते हिम्मेळ. पुढं नाचणारी पात्रं ती मुम्मेळ. तरी सगळा खेळ हाकतो तो हिम्मेळातला भागवत, म्हणजे मुख्य गायक. तो पद उचलतो तसं पात्र हलतं, तो थांबला की संभाषण सुरू होतं. तेव्हा जागा मागची असली म्हणजे मानही मागचा, असं धरू नये. 'पार्श्वसंगीत' या शब्दात जागा आणि मान एकात एक मिसळलेत, घोटाळा तिथं आहे.

शहापूर: संकलनाच्या बाजूनं सांगतो. आधी काय तयार झालं, हे बघून शब्द ठरवावा. चित्र कापून पक्कं झालं आणि मग सेकंद मोजून संगीत बसवलं, तर 'पार्श्वसंगीत' अगदी बरोबर. संगीत आधी आणि चित्र त्यावर कापलेलं, तर तोच शब्द उलटी माहिती देतो. रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या 'अलेक्झांडर नेव्हस्की'त (१९३८) दोन्ही आहे: काही प्रसंगांना संगीतकार प्रोकोफिएव्हनं तयार चित्र बघून संगीत दिलं, काही ठिकाणी संगीत आधी आणि चित्र मागाहून. 'कोयानिस्कात्सी'त तर दिग्दर्शक गॉडफ्रे रेजिओ आणि ग्लास यांच्यात देवघेव चालली. संगीतावर चित्र कापलं गेलं, चित्र बघून संगीतही बदललं.

आता 'लयबद्ध संकलन'. इथं लय आणि ठेका यांत गल्लत होतेय. ठेक्यावर कापणं हे नुसतं गणित आहे. सिनेमाच्या सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) म्हणजे मिनिटाला १४४०. मिनिटाला १२० मात्रा असतील तर एका मात्रेला नेमक्या १२ चौकटी. पण १०० मात्रा असतील तर १४.४, आणि चौकट अर्धी तोडता येत नाही. दर वेळी १४ धरून पुढं गेलं की ६० मात्रांत २४ चौकटी कमी पडतात. कट अख्खा सेकंद आधी येतो. म्हणून माप मागच्या कटापासून घ्यायचं नाही, संगीताच्या पहिल्या मात्रेपासून घ्यायचं. मग चूक साठत नाही.

हे सगळं जमलं तरी लय आली असं नाही. दर समेला कट मारला की प्रेक्षक पुढचा कट आधीच ओळखतो आणि बघायचं सोडतो. काही कट समेआधी, काही समेनंतर, एखादं दृश्य दोन आवर्तनं तसंच धरून ठेवलेलं, असं असलं की माणूस दृश्यात शिरतो. या सिनेमात धावत्या शहराच्या आधी ते स्तब्ध डोंगर आहेत म्हणून ती धाव अंगावर येते. वेगातला हा चढउतार म्हणजे लय. पत्रकात 'लयबद्ध' काढून टाका. वाचणारा ठेकाच समजेल.

निपाणी: उलट बाजूचं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. कोल्हापुरात १९२९ साली सुरू होऊन पुढं पुण्याला गेलेल्या प्रभातचा 'कुंकू' (१९३७). शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. ऐकू येतं ते प्रसंगात जे आहे तेच. तिथं 'पार्श्वध्वनी'ही म्हणू नये, 'प्रसंगातला आवाज' म्हणावं.

टिळकवाडी: मग असं करतो: 'संवाद आणि निवेदन नसलेला चित्रपट. दिग्दर्शन: गॉडफ्रे रेजिओ. संगीत: फिलिप ग्लास.' 'पार्श्व' गेलं.

खानापूर: उत्तम. कन्नडातही 'हिन्नेले' काढा, 'संगीत' पुरे.

शहापूर: बरोबर. फक्त 'कालावधी ८६ मिनिटे' छापण्याआधी प्रत तपासा. २४ ऐवजी २५ चौकटींच्या गतीनं धावणारी असेल तर ती साडेब्याऐंशी मिनिटांत संपते, आणि स्वर दुरुस्त केलेला नसेल तर सगळं संगीत अर्ध्या स्वराच्या पाऊण हिश्शाइतकं चढतं. सुरुवातीला खर्जात सिनेमाचं नाव गातात, तिथं हा फरक पटकन कळतो. तेवढा भाग सभागृहातल्या स्पीकरवर आधी लावून ऐका. लहान स्पीकर असले तर तो खर्जच गायब होईल.