विषय: डब्यांची यादी (गणपतीच्या धाग्यात नको म्हणून वेगळी मेल)

नमस्कार मंडळी,

मागच्या हिवाळ्यातलं सांगते, नाव विचारू नका. इथलंच, न्यू जर्सीतल्या एडिसनजवळचं घर, बाळ तीन आठवड्यांचं, आजी नुकतीच पुण्याला परत गेलेली आणि त्याच आठवड्यात नवऱ्याची नोकरी गेली. ग्रुपवर आपण सगळ्यांनी 'काही लागलं तर सांगा' लिहिलं, हात जोडलेले इमोजी टाकले, आणि कोणी काहीच सांगितलं नाही. कसं सांगतील हो? आपल्याकडे मागायचं म्हणजे जीभच उचलत नाही. शेवटी आपल्यातल्याच एका काकू न विचारता मऊभात आणि डिंकाचे लाडू घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, बाळ माझ्याकडे दे, तू दोन तास झोप.

तर मला असं वाटतं की आपण विचारणं बंद करू आणि वार ठरवून टाकू. मंगळवारचा डबा माझा. घरच्यांनी एकाच माणसाशी बोलायचं, बाकीच्यांनी फोन करून 'काय झालं गं नक्की' करायचं नाही.

अजून एक, एच-वन-बीवाल्यांना (म्हणजे नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असलेल्यांना) नोकरी गेल्यावर पुढची सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि ते नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात. त्यातले पंधरा दिवस लोक लाजेपायी शेजाऱ्यालाही सांगत नाहीत. कोब्राचा इन्शुरन्स (नोकरी गेल्यावर कंपनीचाच आरोग्य विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय) घ्यायचा की नाही हे ठरवायलाही साधारण ६० दिवसच असतात, तान्हं बाळ असलेल्या घराने ते कागद बाजूला टाकू नयेत.

— सांस्कृतिकवाली वहिनी

---

वहिनी, डब्यांना अनुमोदन. पैशाचं मात्र जपून. भिशीतून उसने देऊ असं परवा कोणीतरी म्हणालं, ते मंडळाच्या खात्यातून नको. आपलं मंडळ ५०१ सी ३, म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था आहे, मदत करता येते, पण गरज बघून, सगळ्यांना एकच निकष लावून आणि नोंद ठेवून. ओळखीचा आहे म्हणून दिले असं चालत नाही. आणि उसन्याने मैत्री जाते हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. ग्रोसरीचं गिफ्ट कार्ड द्या, परतीचा विषयच नको.

— खजिनदार

---

वहिनी, खरं बोलू का, आमच्या दुसऱ्या बाळाच्या वेळी डबे इतके आले की फ्रीजचं दार लागेना, पाच दिवस पाच घरांचं पनीर :) अडलं कुठे तर मोठीला शाळेतून आणायला. फॉर्मवर आम्हा दोघांशिवाय कोणाचंच नाव नव्हतं, त्यामुळे मित्र दारात उभा तरी शाळा मुलगी देईना, आणि बरोबरच आहे त्यांचं. तेव्हा प्रत्येकाने आत्ताच, सगळं ठीक असताना, दोन घरांची नावं त्या फॉर्मवर घालून ठेवा. माझ्या गाडीत जास्तीची कार सीट आहे, शनिवार-रविवार मी मोकळा.

आणि घरातच मारहाण किंवा धाक असेल तर डब्याने भागणार नाही, आणि ती गोष्ट या लिस्टवर तर अजिबात नको. न्यू जर्सीत 'मानवी' आहे, १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतात. नंबर बायकांच्या बाथरूमच्या दाराला आतून लावूया, हॉलच्या नोटीस बोर्डावर कोण सगळ्यांसमोर उतरवून घेणार?

---

आतून लावायचं पटलं, गणपतीच्या आधी करते. पनीरवाल्यांनो, नुसतं वरण-भात-तूप चालेल. मंगळवार माझा, गुरुवार काकूंनी घेतला. बुधवार कोण?

— वहिनी