मदत हवी आहे: टस्कनीत भाड्याची गाडी स्वतः चालवायची आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेर आम्ही चौघं इटलीला निघालोय. मी, नवरा आणि माझे आई-बाबा. रोम आणि फ्लॉरेन्स रेल्वेने करायचं पक्कं आहे. अडलंय ते टस्कनीच्या खेड्यांपाशी. पिएन्झा, मोन्टेपुल्चानो, मोन्टाल्चिनो हा वाल दॉर्चाचा सगळा पट्टा (२००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे) आईला बघायचाच आहे. तिथे स्टेशन गावापासून लांब, बस मोजक्या आणि रविवारी त्याही नसल्यात जमा. आईचे गुडघे बघता बॅगा घेऊन बसची वाट पाहत उभं राहणं तिला झेपणार नाही. ड्रायव्हरसकट गाडी रोज घेणं आम्हाला परवडणार नाही. म्हणून फ्लॉरेन्सहून गाडी भाड्याने घ्यायची, एखाद्या शेतावरच्या घरात मुक्काम ठेवायचा आणि तिथून एकेक गाव निवांत करायचं, असं ठरवतोय. शेवटी गाडी फ्लॉरेन्सलाच परत द्यायची, परतीचं विमान तिथूनच आहे.

गाडी मी चालवणार. रोजची सवय आहे, घाटाचीही भीती नाही. पण स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने, हे आजवर केलेलं नाही. मागे आई-बाबा बसलेले असताना हे पहिल्यांदा करायचं, याचं मला खरंच दडपण आलंय.

आतापर्यंत एवढं समजलंय: आपल्या लायसन्सबरोबर आरटीओकडून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट लागतं, ते एक वर्ष चालतं, आणि इटलीत भारतीय लायसन्सधारकाला ते किंवा लायसन्सचं अधिकृत भाषांतर सक्तीचं आहे. त्याचा अर्ज केला आहे. हायवेवर १३०, पाऊस असेल तर ११०, दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यांवर ११०, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर ९० आणि वस्तीत ५० या मर्यादाही पाठ केल्यात.

आता जे समजत नाहीये ते. झेडटीएल म्हणजे जुन्या गावांतला बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग, हे कळलं. पण मोबाईलवरचा नकाशा आपल्याला नेमका त्यातच नेणार असेल तर टाळायचं कसं? दंड कित्येक महिन्यांनी घरी येतो असं वाचलं, ते खरं का? दुसरं म्हणजे विमा. बुकिंगच्या पानावर अपघाताचा आणि चोरीचा विमा 'समाविष्ट' म्हणतात आणि खाली बारीक अक्षरांत काही हजार युरोंपर्यंत जबाबदारी तुमची असंही लिहितात. मग काउंटरवर विकतात तो जास्तीचा विमा घ्यावा, की बाहेरून स्वस्तात मिळतो तो? बुकिंग नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर करणार आहोत, त्यात काही अडचण? आणि चार माणसं, चार बॅगा, तर गाडी केवढी घ्यावी? तिथली जी छोटी गाडी सगळ्यात स्वस्त दिसते तिच्या डिकीत दोन बॅगाही मावतील असं वाटत नाही.

ज्यांनी तिकडे स्वतः गाडी चालवली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. 'टॅक्सी करा' हा सल्ला नको, तो विचार करून झाला आहे.

प्रतिसाद:

बेत चांगला आहे, सोडू नका. टस्कनीची खेडी गाडीशिवाय बघणं म्हणजे निम्मा दिवस बस थांब्यावर घालवणं.

झेडटीएलबद्दल आधी. प्रवेशाच्या तोंडाशी पांढरी गोल पाटी असते, तिला लाल कडा आणि खाली वेळा लिहिलेल्या. बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक फलकही असतो. लाल दिवा आणि 'वार्को अत्तीवो' दिसलं की कॅमेरा चालू आहे, आत जायचं नाही. तिथे अडवायला माणूस नसतो, दांडा नसतो. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, पालिका गाडीच्या मालकाला म्हणजे भाड्याच्या कंपनीला विचारते, कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते आणि त्या कळवण्याचे पैसे तुमच्या कार्डातून परस्पर कापते. ते पैसे म्हणजे दंड नव्हे. दंडाचं पत्र वेगळं येतं. परदेशातल्या माणसाला ते पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवसांची मुदत असते, त्यामुळे तुम्ही वाचलंत ते खरं आहे. पत्र मिळाल्यापासून पाच दिवसांत भरलं तर ३० टक्के सूट असते.

टाळायचा उपाय सोपा आहे: तटबंदीच्या आत गाडी न्यायचीच नाही. नकाशात गावाचं नाव टाकू नका, गावाबाहेरच्या पार्किंगचं नाव टाका. तुमची बहुतेक गावं टेकडीवर तटबंदीच्या आत आहेत आणि पार्किंग तटाबाहेर आहे. सिएनाला जाणार असाल तर सांता कातेरिना हे पार्किंग शोधा. तिथून वर जुन्या गावात जायला सरकते जिने आहेत, आईंना तो चढ चढावा लागणार नाही. पिएन्झा बऱ्यापैकी सपाट आहे, पहिल्या दिवशी तेच करा. मोन्टेपुल्चानोचा मुख्य रस्ता मात्र खालपासून वरच्या चौकापर्यंत सगळा चढाचा आहे. तिथे खालून वर जाणारी छोटी बस असते, ती घ्या.

फ्लॉरेन्समध्ये असेपर्यंत गाडी घेऊच नका. शहर बघून झालं की टी२ ट्रामने पेरेतोला विमानतळावर जा आणि तिथून गाडी उचला. गाड्यांचा तळ टर्मिनलपासून थोडा लांब आहे, शटल बस नेते. तिथून शहरात न शिरता थेट हायवेला लागता येतं. परत देतानाही तेच. शहरातल्या कार्यालयातून गाडी घेतली तर पहिली पाच मिनिटंच झेडटीएलच्या कडेकडेने जाण्यात जातात, आणि तेव्हा तुमचं सगळं लक्ष स्टिअरिंगवर असणार.

प्रतिसाद:

विमा आणि कार्डाबद्दल मी लिहितो.

सगळ्यात महत्त्वाचं: क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं लागतं. गाडी तुम्ही चालवणार, म्हणजे कार्ड तुमचं हवं. नवऱ्याचं कार्ड पुढे केलंत तर काउंटरवरचा माणूस गाडी नाकारू शकतो आणि बुकिंगचे पैसेही अडकतात. फॉरेक्सचं प्रीपेड कार्ड डिपॉझिटला सहसा चालत नाही. तुमच्या क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या, आपल्याकडे नव्या कार्डांवर ते आपोआप चालू नसतात. डिपॉझिटची रक्कम कार्डावर अडकून राहते, म्हणून लिमिट आधीच वाढवून घ्या, नाहीतर हॉटेलचं बिल भरताना कार्ड नाकारलं जाईल. पिन पाठ हवा. यजमानांचं नाव जादा ड्रायव्हर म्हणून करारात घाला, तुम्हाला बरं नसलं तर उपयोगी पडेल. मग त्यांनाही ते परमिट काढावं लागेल.

'समाविष्ट' विमा म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचं नुकसान कंपनी सोसते, त्या रकमेपर्यंतचं तुम्ही. काउंटरवरचा महाग विमा घेतला की ती रक्कम शून्यावर किंवा अगदी थोडक्यावर येते आणि डिपॉझिटही कमी अडकतं. बाहेरचा स्वस्त विमा घेतलात तर कंपनी आधी तुमच्या कार्डातून पैसे कापते, मग तुम्ही कागदपत्रं जोडून विमावाल्याकडून ते परत मागायचे. दोन्ही बरोबर आहेत. पण पहिल्यांदा उजव्या बाजूने चालवताय, सोबत आई-बाबा आहेत, तर माझ्या मते काउंटरवरचा घ्या. त्याचे पैसे गेले तरी डोक्याला ताप राहत नाही. मात्र त्यातही टायर, काचा, छत आणि गाडीचं पोट धरलंय का, हे वाचून बघा. टस्कनीत शेतघराकडे जाणारे शेवटचे एक-दोन किलोमीटर बऱ्याचदा पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते असतात, दगड नेमका खालीच लागतो.

गाडी हातात आली की चारी बाजू, चाकांच्या रिम, समोरची काच आणि किलोमीटरचा आकडा यांचा व्हिडिओ काढा. ओरखडा दिसला की तो कागदावर लिहून घेतल्याशिवाय हलू नका. परत देतानाही तेच करा.

आकाराचं म्हणाल तर कंपनी गट देते, मॉडेल नाही. चार माणसं आणि चार बॅगांना स्टेशनवॅगन बघा. मोठी एसयूव्ही नको, जुन्या गावांबाहेरच्या पार्किंगच्या जागा अरुंद असतात. ऑटोमॅटिकच घ्या आणि लवकर बुक करा, तिकडे त्या कमी असतात.

प्रतिसाद:

उजव्या बाजूचं दडपण पहिल्या तासाभरात बरंच उतरतं. एकच खूण धरा: तुम्ही स्वतः कायम रस्त्याच्या मधल्या रेषेकडे असायला हवं. रेषा तुमच्या डाव्या हाताला लागून असली की बाजू बरोबर आहे. सुरुवातीला गाडी उजवीकडे जास्त झुकते, कारण तिकडच्या रुंदीचा अंदाज नसतो. यजमानांना पुढे बसवून उजव्या कडेवर लक्ष ठेवायला सांगा. वळताना उजवं वळण जवळचं, डावं लांबचं. चौकात गोल फिरायचं ते घड्याळाच्या उलट, आणि आत आधीच असलेल्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर उजवीकडे असतो, तिथे डावीकडे, त्यामुळे पहिल्या दिवशी दोनदा वायपर चालू होईल. होऊ द्या, घाबरू नका.

चूक होते ती गर्दीत नाही. गर्दीत पुढची गाडी वाट दाखवते. ती होते सकाळी रिकाम्या रस्त्यावर पार्किंगमधून किंवा पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना. त्या वेळी तोंडाने 'उजवीकडे' म्हणा, आईंनाही म्हणायला सांगा. गावाबाहेर दिवसाही हेडलाइट चालू ठेवणं सक्तीचं आहे. सप्टेंबरअखेर द्राक्षतोडणी चालू असते, वळणावर ट्रॅक्टर समोर येऊ शकतो, तेव्हा मागच्यांनी घाई केली तरी तुम्ही घाई करू नका.

टोलचं: हिरव्या पाट्यांचा रस्ता म्हणजे टोलचा हायवे. शिरताना यंत्रातून तिकीट घ्या आणि जपून ठेवा, हरवलं तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचा टोल लावतात. बाहेर पडताना फक्त पिवळा 'टी' असलेली लेन टाळा, ती टेलीपासवाल्यांची (आपल्या फास्टॅगसारखी सोय). रोख किंवा कार्डाच्या लेनमध्ये जा. चुकीच्या लेनमध्ये गेलात तर मागे येऊ नका, मदतीचं बटण दाबा. फ्लॉरेन्स ते सिएना रस्त्याला टोल नाही, पण तो अरुंद आहे आणि वेगाचे कॅमेरे आहेत.

धागाकर्ती:

तिघांचेही मनापासून आभार. कार्डाचा मुद्दा माझ्या लक्षातच येणार नव्हता, आता बुकिंग माझ्या कार्डावर करते. एकच राहिलं: गावाबाहेर रस्त्याकडेला गाडी लावायची तर रंगांचं काय? आणि रविवारी पेट्रोल मिळतं का?

प्रतिसाद:

पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या राखीव. पांढरी असली तरी वरची पाटी बघा, काही ठिकाणी वेळेची मर्यादा असते आणि काचेमागे आल्याची वेळ दाखवणारी घड्याळाची चकती लावावी लागते. पाटीवर एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे म्हणजे कामाचे दिवस, त्यात शनिवार धरलेला असतो. क्रूस म्हणजे रविवार आणि सुट्ट्या.

रविवारी छोट्या गावातले पंप बिनमाणसांचे चालतात. यंत्रात नोट किंवा कार्ड घाला, पंपाचा नंबर दाबा, भरा. नोट मोठी टाकलीत तर उरलेले पैसे लगेच परत मिळत नाहीत, म्हणून जवळ सुट्या नोटा ठेवा. कार्ड टाकलंत तर आधी मोठी रक्कम अडकते, नंतर सुटते. पेट्रोलला 'बेन्झीना', डिझेलला 'गाझोलियो' लिहिलेलं असतं. टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते गाडी घेतानाच बघून ठेवा. विमानतळावर गाडी परत देण्याआधी शेवटचा पंप कुठे आहे, तेही आदल्या रात्रीच नकाशात खूण करून ठेवा.