शब्दचर्चा : खोडी काढतात, फिरकी घेतात, थट्टा उडवतात

प्रश्न : कार्यालयात सहकारी एकमेकांशी जो खट्याळपणा करतात, म्हणजे डबा लपवणे, खुर्ची बदलणे, नवख्याला भलत्याच कामाला पिटाळणे, त्याला हल्ली सरसकट ‘प्रँक’ म्हटले जाते. मराठीत खोडी, चेष्टा, मस्करी, थट्टा, गंमत, फिरकी असे अनेक शब्द असताना ते समानार्थी समजावेत का? नसल्यास कोणता शब्द कुठे योजावा?

उत्तर : ते समानार्थी समजू नयेत, असे माझे मत आहे. त्यांतला फरक नामांचे अर्थ ताडून लवकर हाती लागत नाही. नामापुढे कोणते क्रियापद येते ते पाहिले की तो आपोआप उलगडतो.

खोडी काढतात. कळ, कुरापत आणि छेड याही काढतातच. ‘काढणे’ घेणाऱ्या या सगळ्या शब्दांत समोरचा माणूस आपल्या जागी स्वस्थ बसलेला असतो आणि पहिली कृती दुसरा करतो. त्या कृतीने समोरच्याने चिडावे, उठावे, धावून यावे हे अपेक्षित असते, किंबहुना त्यासाठीच ती केलेली असते. संगणकाच्या माउसखाली, जिथून लाल उजेड येतो त्या भोकावर, चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवणे ही निखळ खोडी होय. सकाळी आलेला माणूस माउस हलवतो, पडद्यावरचा बाण जागचा ढळत नाही, तो वायर काढून पुन्हा लावतो, माउस टेबलावर दोनदा आपटतो, अखेर उलटा करतो आणि पट्टीवर बॉलपेनने काढलेला हसरा चेहरा त्याला दिसतो. मग मान वर करून तो जे विचारतो ते ‘कुणी खोडी काढली रे?’ हेच असते. ‘कुणी थट्टा केली?’ असे तो विचारणार नाही, कारण कुणी अवाक्षरही बोललेले नाही. खोडीला कृती लागते, बहुधा एखादी वस्तूही लागते.

‘जित्याची खोड’ मधली खोड आणि ही खोडी यांचे नाते उघड आहे. म्हणूनच खोडी काढणाऱ्याविषयी ‘सवयच आहे त्याला’ असा सूर सहज लागतो. तरीही त्यापासून झालेली दोन विशेषणे एकमेकांपासून बरीच दूर गेली आहेत. खोडकर माणूस आपल्याला आवडू शकतो, खोडसाळ आवडत नाही. सहकारी संगणक उघडा ठेवून चहाला गेला असता त्याच्या नावाने ‘आज सर्वांना माझ्यातर्फे वडापाव’ असा मेल विभागात पाठवणारा खोडकर; तसाच मेल वरिष्ठांना राजीनामा म्हणून पाठवणारा खोडसाळ. वर्तमानपत्रे ‘खोडसाळ मजकूर’, ‘खोडसाळ दूरध्वनी’ असे लिहितात तेव्हा त्यात हेतूचा आरोप असतो. छेडीचा प्रश्न तर त्याहून वेगळा आहे. ती ‘काढणे’ याच क्रियापदाच्या आधाराने खोडीच्या शेजारी बसलेली दिसत असली, तरी कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 साली कायदा झालेला असताना छेडीला ‘खोडी’ म्हणणे ही शब्दाची चूक राहत नाही, ती सारवासारव ठरते.

फिरकी घेतात. कानातल्याच्या मळसूत्राला फिरकी म्हणतात आणि चेंडू वळवणारा गोलंदाज फिरकीपटू असतो. दोन्हीकडे गोल फिरणे आहे. फिरकी घ्यायला बोलावे लागते, तेही चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. मी नोकरीला लागलो त्या कार्यालयात दुसऱ्याच दिवशी मुख्य लिपिकांनी मला आवक-जावक टेबलावरून ‘उलटटपाली नोंदवही’ आणायला सांगितले. आवक-जावकच्या बाईंनी ती आस्थापनेकडे गेल्याचे सांगितले, आस्थापनेने लेखा शाखेकडे बोट दाखवले, लेखा शाखेतल्या गृहस्थांनी चश्मा पुसत ‘कालच अभिलेख कक्षात जमा केली’ असे ऐकवले, आणि अभिलेख कक्षातल्या शिपायाने मला स्टुलावर बसवून चहा पाजला व विचारले, ‘साहेब, उलटटपाली म्हणजे पत्राचं उत्तर ताबडतोब धाडणं. त्याची वही कुठून आणू?’ याला खोडी म्हणता येणार नाही, कारण माझ्या कशालाही कुणी हात लावलेला नव्हता. चार टेबलांनी मिळून मला गोल फिरवले होते, तेव्हा ही फिरकीच.

मग ‘करणे’ घेणारे शब्द: चेष्टा, मस्करी, थट्टा, गंमत. हे बहुधा बोलण्यातले आणि सौम्य आहेत. चेष्टा हा संस्कृतात हालचाल, कृती अशा अर्थाचा शब्द. आपल्या ‘निश्चेष्ट’ मध्ये तो अर्थ अजून टिकून आहे आणि हिंदीत त्याला प्रयत्नाचा अर्थ आला आहे. एका बँकेच्या शाखेत हिंदी भाषक अधिकाऱ्याने थकीत कर्जावरील टिपणीत ‘वसूली की चेष्टा की गई’ असे लिहिले होते, ते वाचून सगळी शाखा दिवसभर हसत होती आणि अधिकाऱ्यांना त्याचे कारण कळत नव्हते. मस्करी अरबीतून फारसीमार्गे आलेल्या ‘मसखरा’ या शब्दाच्या घराण्यातली आहे. पाणिनीने परिव्राजकासाठी सांगितलेल्या ‘मस्करी’ शी तिचा संबंध नाही, हे जाता जाता. ‘गंमत’ ची मात्र एक गंमत आहे: हा शब्द करणाऱ्याच्या तोंडी अधिक असतो, तोही नंतर. ‘अहो, गंमत केली!’ हे पकडला गेलेला माणूस म्हणतो. ज्याचा डबा गेला तो गंमत म्हणत नाही.

क्रियापदाचे महत्त्व सर्वांत चांगले थट्टेत दिसते, कारण ती करताही येते आणि उडवताही येते. ‘त्यांनी माझी थट्टा केली’ यात जिव्हाळ्याला जागा आहे. ‘त्यांनी माझी थट्टा उडवली’ यात चारचौघांसमोर झालेली मानहानी आहे. खिल्ली, टर, रेवडी याही उडवतात, आणि तिथे प्रेमाला वाव नसतो. राज्य शासनाच्या सेवेत बदल्या सामान्यतः एप्रिल-मे महिन्यांत होतात, तसा 2005 चा कायदाच आहे. त्यामुळे 1 एप्रिलला बदलीचा खोटा आदेश टेबलावर ठेवणे हे एप्रिल फूल फार बेतीव असते, कारण ते पटण्याजोगे असते. मुलगा दहावीत गेलेल्या एका सहकाऱ्याच्या टेबलावर गडचिरोलीचा आदेश ठेवला गेला होता. ठेवणारे ‘गंमत’ म्हणत राहिले. त्याने घरी फोन करून झालेला होता, तो ‘ही क्रूर थट्टा आहे’ इतकेच बोलला. क्रूर हे विशेषण थट्टेला लागते. क्रूर फिरकी किंवा क्रूर गंमत असे कुणी म्हणत नाही.

शेंडी लावणे, टोपी घालणे, गंडा घालणे, चुना लावणे हे प्रयोग या चर्चेच्या कडेला आहेत, कारण त्यांत बहुधा पैसा किंवा हक्काची वस्तू जाते. याउलट ‘पोपट होणे’ निरुपद्रवी आहे. तो बोलीतला शब्द असला तरी त्याची सोय मोठी, कारण फसलेला माणूस स्वतःच हसत ‘माझा पोपट झाला’ म्हणू शकतो. ‘मला टोपी घातली’ असे हसत म्हणता येत नाही.

यावर एकाने आक्षेप घेतला की ‘पाय ओढणे’ हा प्रयोग या अर्थी का चालू नये. तो चालणार नाही. मराठीत पाय ओढतात ते वर चढणाऱ्याचे, आणि त्याला खाली पाडण्यासाठी. बढतीच्या यादीतले नाव कापणाऱ्याला आपण तसे म्हणतो. इंग्रजीतल्या पाय ओढण्याला आपल्याकडे फिरकी घेणेच जुळते.

‘प्रँक’ वापरण्यास माझी हरकत नाही. तो पुल्लिंगी होऊन ‘करणे’ घेऊन बसलाच आहे. फक्त त्यामुळे तो लाडिक होता की जिव्हारी लागणारा, हे वाक्यावरून कळेनासे झाले आहे. खटकते ते ‘माझ्यावर प्रँक केला’ मधले ‘वर’. खोडी, फिरकी, थट्टा, चेष्टा या साऱ्या षष्ठी घेतात: माझी खोडी, तुझी फिरकी, त्याची थट्टा. आमच्या कार्यालयातली नवी मुले मात्र अलीकडे ‘सरांचा प्रँक केला’ असेही म्हणू लागली आहेत, आणि कानाला ते बरे वाटते.