पट्टी सरकते ती कशाने?

'उईजा' या भयपटात (२०१४) मेलेल्यांशी बोलायला पोरं अक्षरं लिहिलेल्या पाटाशी बसतात आणि त्यांच्या बोटांखालची पट्टी अक्षरांवरून सरकते. तशी ती खरोखर सरकते का? सरकते! आणि प्रत्येकाला मनापासून वाटतं की मी ढकलत नाहीये. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हलतात. १८५२मध्ये ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी याला 'आयडिओमोटर' नाव दिलं. खेळणाऱ्यांचे डोळे बांधून पाट फिरवला की अक्षरं जुळेनाशी होतात. (या पाटाचं १८९१चं अमेरिकन पेटंटही करमणुकीच्या खेळाचं आहे.)

मला मात्र सिनेमात भुतापेक्षा नायिका लेनची तगमग जास्त भिडली. गेलेल्या मैत्रिणीशी एकदा बोलायला मिळावं म्हणून ती पाटाशी बसते. दिग्दर्शकाने तिथेच थांबायला हवं होतं; दचकवण्याच्या नादात ते दुःख वाया गेलं. त्याआधीची गोष्ट सांगणारा २०१६चा पूर्वभाग नक्की बघा, तो कितीतरी सरस आहे.