एकाच संगणकावर मराठी, इंग्रजी आणि जर्मन: कोणता कळफलक लावावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या घरातला कळफलक जर्मन पद्धतीचा आहे. कामाची पत्रं जर्मन आणि इंग्रजीत, अंकासाठीचं लेखन मराठीत. मराठीसाठी मी फोनेटिक वापरते, म्हणजे रोमन अक्षरांत लिहायचं आणि पडद्यावर देवनागरी उमटते. माझं कसंबसं चालतं, पण मुलीचं अडतं. तिला शाळेत जर्मन शिकवतात, तिथे 'जे' चा उच्चार 'य' होतो. म्हणून ती 'या' लिहायला 'जे' दाबते आणि पडद्यावर 'जा' येतं. शिवाय एका खिडकीतून दुसरीत गेलं की कोणती भाषा चालू आहे तेच कळत नाही. तुम्ही काय वापरता?

*

ताई, नमस्कार.

मुलीचं काही चुकत नाही. फोनेटिकमध्ये मराठी शब्द आधी रोमन अक्षरांत मांडावा लागतो, आणि ती मांडणी इंग्रजी उच्चारांवर बेतलेली आहे. ज्या मुलाची पहिली रोमन भाषा इंग्रजी नाही, त्याला मराठी लिहायला मध्ये इंग्रजी का लागावी? मी तुम्हा दोघींना इनस्क्रिप्टच सुचवीन, म्हणजे देवनागरी अक्षरं थेट कळांवर असलेली मांडणी.

इनस्क्रिप्ट अवघड असल्याचा समज आहे, पण ज्याला बाराखडी येते त्याला ती मांडणी लगेच ओळखीची वाटते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट. त्यांच्या वरच्या ओळीत ब, ह, ग, द, ज, ड. म्हणजे क च्या वर ग, त च्या वर द, च च्या वर ज. त्याच कळा शिफ्टसह दाबल्या की ख, घ, थ, ध, छ, झ. डावीकडेही तसंच: मधल्या ओळीत ऱ्हस्व उकार, त्याच्या वर दीर्घ उकार, वेलांटीचंही तेच. शिफ्ट धरलं की काना-मात्रेऐवजी पूर्ण स्वर उमटतो. वर्णमाला इतक्या शहाणपणाने बोटांखाली मांडलेली पाहून मला आजही आनंद होतो. 1991 च्या भारतीय मानकात ही मांडणी आली, आणि इतर भारतीय लिप्यांसाठीही तीच आहे. मराठीचा 'क' जिथे, तिथेच गुजराती आणि कन्नडचाही.

तुमच्यासाठी याहून मोठा फायदा म्हणजे इनस्क्रिप्ट कळेच्या जागेवर चालतं, तिच्यावर छापलेल्या अक्षरावर नाही. जर्मन कळफलकावर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते, त्याचा इथे त्रास नाही. तुमच्याकडे 'ब' झेड छापलेल्या कळेवर येईल. च, ट आणि ड येतील ते दोन टिंबं असलेल्या ओ, ए आणि यू वर. सुरुवातीला पडद्यावरचा कळफलक उघडा ठेवा (विंडोजवर विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र) आणि हाताकडे पाहू नका.

आता भाषा बदलण्याचं. विंडोजच्या टायपिंग सेटिंग्जमध्ये, कळफलकाच्या प्रगत पर्यायांत, प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवायची खूण आहे, ती करा. मग लेखाची खिडकी मराठीत राहील, पत्राची जर्मनमध्ये. तिथेच प्रत्येक भाषेला स्वतंत्र शॉर्टकट देता येतो: डावं ऑल्ट, शिफ्ट आणि एखादा आकडा. विंडोज आणि स्पेस दाबून फिरत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण डोळे मजकुरावरून हलत नाहीत. मॅकवर कंट्रोल आणि स्पेस.

आणि नको असलेले कळफलक काढून टाका. इंग्रजी भाषा जोडली की बरेचदा तिच्याबरोबर अमेरिकन मांडणी येऊन बसते. इंग्रजीलाही जर्मन मांडणीच जोडा, नाहीतर पासवर्डमधला वाय झेड होतो आणि लॉगिनच्या पडद्यावर कारण सापडत नाही.

*

वरच्या उत्तराशी मी बराचसा सहमत आहे, पण सरसकट सगळ्यांना इनस्क्रिप्ट सांगू नये. आईवडील फोनवर दोन ओळी लिहितात, त्यांना जीबोर्डची (गूगलच्या फोनवरच्या कळफलकाची) रोमन मांडणी पुरते, बोलूनही लिहिता येतं. विंडोज 10 मध्येही 2019 च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही. अधूनमधून लिहिणाऱ्याने तेच ठेवावं. रोज पानभर लिहिणाऱ्याने मात्र इनस्क्रिप्टकडे वळावं.

एक विचारायचं होतं. 'दुसऱ्या' लिहिताना माझा रफार य च्या डोक्यावर जातो. काय करू?

*

दादा, त्यासाठी साधा र वापरू नका. र चीच कळ शिफ्टसह दाबली की खाली टिंब असलेला ऱ येतो. त्यानंतर हलन्त (अक्षराचा पाय मोडायची कळ), मग य. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतला फरक मराठीत जपायलाच हवा, म्हणून ही एक कळ सर्वांनी पाठ करावी असं मला मनापासून वाटतं.

आईवडिलांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मात्र कुणाचं जुनं लेखन कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ते आधी युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना समजणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात) बदलून मगच अंकाकडे पाठवा. नुसता फॉन्ट बदलून ते वाचता येत नाही. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला, चुका बहुतेक तिथेच राहतात.