प्रतिसाद: मोबाईलमुळे हॅम संपलं?
वर कुणीतरी म्हटलंय की मोबाईल आला आणि हॅम रेडिओ (लायसन्स काढून स्वतःच्या वायरलेस सेटवरून बोलायचा छंद) सगळीकडेच संपला, ते जपानपुरतं बऱ्यापैकी खरंय. तिथे 1995 च्या सुमारास 13 लाखांच्या वर स्टेशन लायसन्स होती, आता 4 लाखही नाहीत. बरेच जण गाडीत सेट लावून मित्रांशी गप्पा मारायलाच लायसन्स काढायचे, खिशात फोन आल्यावर दर 5 वर्षांनी रिन्यू कोण करत बसणार!

पण अमेरिकेत उलटंच, 2007 मध्ये लायसन्ससाठीची मोर्सची (टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची) परीक्षा पूर्ण काढून टाकली आणि लायसन्सवाले साधारण साडेसहा लाखांचे पुढे साडेसात लाखांवर गेले. अर्थात तिथलं लायसन्स 10 वर्षांचं, त्यामुळे सेट कधीच माळ्यावर टाकलेले आणि काही तर देवाघरी गेलेलेही त्यात मोजले जातात, बँडवर (हॅमसाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सींवर) प्रत्यक्षात किती बोलतात ते वेगळंच.